‘ऑकवर्ड’, अवघडणं आणि ओशाळणं

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: इंग्रजी ‘ऑकवर्ड’साठी मराठी शब्द म्हणून मी ‘अवघडलेला’ सुचवलं ते चूक, खरा अर्थ ‘बेंगरूळ’, आणि लाजेच्या प्रसंगाला ‘ओशाळणं’ असताना आणखी शब्द हवेत कशाला?

बेंगरूळ हा एक अर्थ आहेच, त्यावर वाद नाही. पण तो कपाटाला लागेल, कपड्याला लागेल, फार तर चालण्याला. बोलता बोलता दोघांमध्ये मध्येच पडलेली शांतता बेंगरूळ कशी असेल?

ओशाळण्याचं म्हणाल, तर त्यात आपलं काहीतरी चुकलेलं असतं आणि ते उघडं पडलेलं असतं. ऑकवर्ड वाटायला चूक लागतच नाही. ‘चला, भेटू’ म्हणून निरोप घेऊन झालेला असतो आणि दोघांची पावलं नेमकी एकाच दिशेला वळतात. आता पुन्हा बोलायचं, की पुढे सटकायचं? मी तर अशा वेळी चपलेचा पट्टा नीट करायला वाकतो, सुटलेला नसला तरी. यात ओशाळण्यासारखं काय आहे? पण अवघडायला होतं.

गंमत म्हणजे शब्दाचं मूळही दिशेतच आहे. मध्ययुगीन इंग्रजीतल्या ‘ऑक’चा अर्थ उलट, भलतीकडे वळलेला, तो नॉर्स या जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेतून आलेला. पुढचं ‘वर्ड’ म्हणजे ‘फॉरवर्ड’, ‘बॅकवर्ड’मधलंच. धांदरटपणाचा अर्थ १६व्या शतकातला, संकोचाचा त्याच्याही नंतरचा. म्हणजे आधी शरीर, मग मन. आपल्याकडेही आधी मांडी घालून बसलेल्याचा पाय अवघडतो, मग चारचौघांत माणूस अवघडतो. माझा ‘अवघडलेला’ तिथून आला.

एक मात्र तुमचं शंभर टक्के मान्य. ‘ऑकवर्ड क्वेश्चन’ला मी ‘अवघड प्रश्न’ लिहिलं, ते साफ चुकलं. गणित अवघड असतं, कारण उत्तर येत नाही. ‘आम्हाला लग्नाला का नाही बोलावलंत?’ याचं उत्तर दोघांनाही पक्कं ठाऊक असतं, फक्त तोंडावर सांगता येत नाही. तिथे ‘अडचणीचा प्रश्न’ असा बदल केला आहे.

आणि एक अर्थ आपल्या दोघांच्याही नजरेतून सुटला. मुद्दाम सहकार्य न करणाऱ्या, प्रत्येक गोष्टीत फाटे फोडणाऱ्या माणसालाही ब्रिटिश लोक ऑकवर्ड म्हणतात. तिथे तुमचा बेंगरूळही नको आणि माझा अवघडलेलाही. सरळ ‘आडमुठा’ म्हणावं.