रोममध्ये साहेब धरून ठेवायचाय? मग हे वाचा

समजा तुम्ही पहिल्या शतकातल्या रोममध्ये आहात, जवळ दमडी नाही आणि वर तर चढायचंय, तर कष्टबिष्ट करायच्या भानगडीत पडू नका, सरळ एखादा पात्रोनुस गाठा. पात्रोनुस म्हणजे साहेब, मायबाप, जे म्हणाल ते, आणि तुम्ही त्याचे क्लिएन्स, म्हणजे आश्रित. पण हा शब्द स्वतःसाठी चुकूनही वापरू नका हां, चारचौघांत सगळे एकमेकांचे अमिकुस, म्हणजे दोस्त! रोमन वक्ता सिसेरोने लिहूनच ठेवलंय की श्रीमंतांना कोणी क्लिएन्स म्हटलं तर मेल्याहून मेल्यासारखं होतं. तुम्ही श्रीमंत नसाल, पण तसं वाटून घ्यायला पैसे थोडीच पडतात.

आता ड्युटी. पहाटे अंधारात उठायचं, तो लोकरीचा जडशीळ तोगा अंगाभोवती गुंडाळायचा (उन्हाळ्यातही तोच, कुरकुर नको) आणि साहेबांच्या घरी सालुतातिओला, म्हणजे सकाळच्या मुजऱ्याला, हजर राहायचं. साहेबांना तुमचं नाव आठवत नसतं, त्यासाठी शेजारी नोमेन्क्लातोर नावाचा गुलाम उभा असतो, तो कानात नाव पुटपुटतो आणि साहेब जांभई देत देत तेच नाव घेतात, तेव्हा तुम्हाला अगदी भरून यायला पाहिजे. तत्त्वज्ञ सेनेका म्हणतो की काही साहेब मागच्या दारानं सटकतात. सटकू देत, मोठ्या माणसांना कामं असतात.

हाक मारताना जीभ सांभाळा. मार्शियल कवीनं एकदा सकाळी साहेबाला नुसत्या नावानं हाक मारली, 'दोमिनुस', म्हणजे मालक, म्हणायचं राहून गेलं, आणि बिचाऱ्याचे 100 क्वाद्रान्स, म्हणजे चिल्लर नाणी, बुडाले. ही त्या दिवसाची स्पोर्तुला. स्पोर्तुला म्हणजे खरं तर साहेबांकडून मिळणारी खाऊची छोटी टोपली, नंतर तिची रोख झाली, टोपलीचं नाव तेवढं राहिलं.

जेवायला बोलावलं तर नशीब उघडलं समजा, फक्त साहेबांच्या ताटाकडे बघू नका. तेच टेबल, तीच वेळ, पण त्यांना ऑयस्टर आणि तुम्हाला शिंपले चोखायला, त्यांना भाजून सोनेरी झालेलं कबुतर आणि तुमच्यापुढे पिंजऱ्यात मेलेला मॅगपाय पक्षी, हेही मार्शियलनंच रडून ठेवलंय, कृतघ्न कुठला. लेखक प्लिनीनं तर एका घरी तीन दर्जाची दारू पाहिली, एक यजमान नि पाहुण्यांची, एक छोट्या दोस्तांची, एक मुक्त केलेल्या गुलामांची. मधली मिळाली तरी मिशीला तूप लावून फिरा.

इलेक्शन असेल तर साहेबांच्या मागे दिवसभर फिरणारे आदसेक्तातोर असतात, त्यात नंबर लावा, गर्दी दिसली पाहिजे बास.

आणि फसवणूक झाली तर? घाबरता काय, इ.स.पू. 450 च्या सुमाराच्या बारा पट्ट्यांच्या कायद्यातच, म्हणजे रोमच्या जुन्या लेखी कायद्यातच, आहे, क्लिएन्सला फसवणारा पात्रोनुस शापित, देवांच्या कोपाच्या हवाली. बिनधास्त कोर्टात जा, फक्त तिथे तुमची बाजू मांडायची जबाबदारी रिवाजानुसार तुमच्या पात्रोनुसची असते.