बोटीचा सातबारा

बोट विकत घ्यायला मला चाळीस मिनिटं लागली. ती माझी आहे हे न्यू जर्सी राज्याला पटायला मार्च ते जुलै.

बोट म्हणजे यॉट नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती बातमी यॉट म्हणूनच पोचली आणि गणपतीच्या वर्गणीबद्दल दोन सूचक फोन आले. आमची बोट सोळा फुटी, ॲल्युमिनियमची, १९८५ सालची. न्यू यॉर्क राज्यातल्या एका आजोबांच्या अंगणात ताडपत्रीखाली झोपली होती. बोटीचे २४०० डॉलर, ट्रेलरचे वेगळे. आजोबांनी जुन्या रजिस्ट्रेशनच्या मागे सही केली, बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, दोनदा थोपटलं आणि घरात निघून गेले. पोरीची पाठवणी करताना बाप जातो तसे. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

न्यू जर्सीच्या वाहन नोंदणी कचेरीतल्या खिडकीमागच्या बाई अतिशय गोड होत्या. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "टायटल कुठाय?"

बोट न वापरणाऱ्यांसाठी थोडं तपशिलात. अमेरिकेत बोटीचे कागद दोन. रजिस्ट्रेशन म्हणजे साधारण घरपट्टीची पावती आणि टायटल म्हणजे सातबारा. रजिस्ट्रेशनच्या नंबराची पद्धत १९७१च्या केंद्रीय कायद्यामुळे देशभर बरीचशी सारखी आहे. सातबारा मात्र ज्या त्या राज्याची मर्जी. न्यू जर्सीत बारा फुटांहून लांब बोटीला टायटल हवंच. न्यू यॉर्कात चौदा फूट आणि त्यावरच्या बोटीला टायटल मिळतं, पण ती १९८७ किंवा त्यानंतरची असेल तर. आमची १९८५ची. म्हणजे जे टायटल इथे सक्तीचं, ते तिथे कधी जन्मालाच आलं नव्हतं.

माझ्या आजीला म्हातारपणी कुणीतरी जन्माचा दाखला मागितला होता. ती म्हणाली, "आंबो मोहरलो होतो तेव्हा झालंय मी." बाईंना मी तेच वेगळ्या शब्दांत सांगितलं. त्यांनी सहानुभूतीने मान हलवली आणि पुढचा नंबर पुकारला.

घरी येऊन फोन फिरवले. ही चूक होती. मिशिगनचा मित्र म्हणाला, "आमच्याकडे वीस फुटांच्या आतल्या साध्या बोटीला टायटल लागतच नाही, तू उगाच घाबरतोस." फ्लोरिडातली मावसबहीण म्हणाली, "मोटर आहे ना? मग टायटल लागतंच, तू फारच ढिला आहेस." पेनसिल्व्हेनियातल्या एकाने सांगितलं की आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेर इंजिन लटकवलेली बोट, चौदा फूट किंवा त्यावरची आणि १९९७ किंवा त्यानंतरची असेल तरच. टेक्सासवाल्याने विचारलं, इंजिनाचं टायटल घेतलंस का? तिथे आउटबोर्ड इंजिनाला स्वतःचा वेगळा सातबारा असतो. आणि न्यू हॅम्पशायरचा मेहुणा म्हणाला, "बोटीला टायटल? कशाला?" तिथे ते देतच नाहीत. एकच होडी, पण सीमा ओलांडली की कुठे कुळकायद्याची जमीन, कुठे गावठाण, कुठे नुसतंच पाण्यावर तरंगणारं भांडं. सगळ्यांसाठी एकसारखा टायटलचा कायदा २०११ साली लिहून तयार झाला, पण तो स्वीकारायचा की नाही हे पुन्हा राज्यांनीच ठरवायचं. स्वीकारणारी राज्यं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच. यावर हसू नये. आपल्याकडेही नदी-खाडीतल्या बोटींचा १९१७चा कायदा जाऊन नवा यायला २०२१ उजाडलं.

दुसऱ्या फेरीला रजिस्ट्रेशनवरच भागेल असं ठरलं, फक्त बोटीचा हल नंबर जुळायला हवा होता. हल नंबर म्हणजे बारा अक्षरांची जन्मखूण, बोटीच्या मागच्या फळीवर उजवीकडे कोरलेली. आमच्या नंबरात पाचव्या जागी शून्य. आजोबांच्या कागदावर तिथे 'ओ'. कुणा टायपिस्टाने ४० वर्षांपूर्वी बोट जरा खाली नेलं होतं, एवढंच.

"हे दोन वेगळे नंबर आहेत," बाई म्हणाल्या. "पेन्सिलने ठसा घेऊन या."

लहानपणी चार आण्याच्या नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो, तेच वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी गॅरेजमध्ये उताणा पडून केलं. ट्रेलर भिंतीला टेकलेला, त्यामुळे डोकं भिंतीत आणि पाय बोटीखाली. हिने दार उघडून पाहिलं, काही न बोलता बंद केलं.

ठशातही ते शून्यच दिसत होतं आणि 'ओ'च दिसत होता. गोलाला कोपरे नसतात, याला कोण काय करणार? शेवटी रात्री नियम उघडला आणि त्यात रत्न सापडलं: हल नंबराच्या अनुक्रमांकात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरायचीच नाहीत, कारण ती आकड्यांसारखी दिसतात. चौथ्यापासून आठव्या जागेपर्यंत अनुक्रमांक. म्हणजे पाचव्या जागी 'ओ' असूच शकत नाही! तिसऱ्या फेरीला मी ते कलम छापून, पिवळ्या पेनने रंगवून खिडकीवर ठेवलं.

बाईंनी वाचलं. साहेबांना बोलावलं. साहेबांनी वाचलं. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "तुम्ही वकील आहात?"

"नाही," मी म्हणालो, "कोकणातला आहे."

चौथ्या फेरीत बोटीची आणि ट्रेलरची विक्रीपत्रं वेगवेगळी हवीत असं निघालं, कारण ट्रेलर ही गाडी आहे आणि तिला स्वतःची पाटी लागते. आजोबांनी ती पाठवली. न्यू जर्सीत बोटीवर विक्रीकर निम्मा, ३.३१२५ टक्के. ७९ डॉलर ५० सेंट भरताना आयुष्यात पहिल्यांदा मला कर भरल्याचा आनंद झाला.

टायटल आलं. मी त्याला हळदकुंकू लावणार होतो. हिने कागद काढून घेतला.

आता नंबर चिकटवायचा. बोट ज्या राज्यात मुख्यत्वे वापरणार त्या राज्याचा नंबर, म्हणून न्यू यॉर्कची अक्षरं हेअर ड्रायरने तापवून सोलली. (मुख्यत्वे कुठे वापरणार, या रकान्याशी ही म्हणाली, "ड्राइव्हवेत लिही.") नव्या नंबराचे नियम असे: दोन्ही बाजूंना, नाळेकडच्या अर्ध्या भागात, किमान तीन इंच उंच ठळक अक्षरं, उठून दिसणारा रंग, डावीकडून उजवीकडे वाचता यावीत. अक्षरं आणि आकडे यांच्यात फट सोडायची, ती एका अक्षराच्या रुंदीइतकी, पण ते अक्षर 'आय' नको आणि आकडा धरलात तर '१' नको, कारण ते बारीक असतात. ज्याने हे लिहिलं त्याला माझा साष्टांग नमस्कार. पत्रिकेतल्या मजकुराच्या फटींवरून आमच्या घरात दोन लग्नं मोडायला आली होती. असा एक माणूस तेव्हा हवा होता.

मी पट्टी घेऊन डावी बाजू केली. उजवी मुलाकडे दिली. त्यानेही माझ्यासारखीच नाळेपासून सुरुवात केली, आणि उजव्या बाजूला नाळ उजवीकडे असते. पूर्ण नंबर उर्दूसारखा लागला. पुन्हा हेअर ड्रायर.

मग कुणीतरी विचारलं, कुठे चालवणार? आमचा बेत लेक होपॅटकाँगचा, राज्यातलं सगळ्यात मोठं तळं. तर म्हणे न्यू जर्सीत भरती-ओहोटीच्या पाण्यात मोटरबोट हाकायला सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र पुरतं. ते माझ्याकडे होतं. पण जिथे भरती येत नाही अशा पाण्यात, म्हणजे तळ्यात, त्या प्रमाणपत्रावर शिवाय बोटीचं लायसन्स हवं. ते कुठे मिळतं? त्याच कचेरीत.

मी ताबडतोब समुद्र निवडला. रॅरिटनचा उपसागर घरापासून जवळ, भरती-ओहोटी अस्सल, आणि मी जन्माने खाडीकाठचा. शिवाय शनिवारी नारळी पौर्णिमा होती. आईला मालवणला फोन लावला.

"पाणी कधी चढता बघितलंस?" तिने विचारलं.

"ॲपवर बघतो."

"ॲप कित्याक? तिथीची पाऊणपट कर. पुनव म्हणजे पंधरा. सव्वाअकराक भरती."

हा हिशोब लहानपणापासून तोंडपाठ, माझ्या आजोबांचा कधी चुकला नव्हता. सव्वाअकराच्या बेताने निघालो. ट्रेलरचा एक दिवा लागेना, मग नारळ विसरला म्हणून अर्ध्या वाटेतून परत, मग धक्क्यावर ट्रेलर मागे घेताना तो माझ्या विरुद्ध दिशेला वळायचा आग्रह धरून बसला. पाण्याच्या टोकाशी पोचलो तेव्हा सव्वा वाजला होता आणि टोकाशी पाणी नव्हतं. लांबपर्यंत काळा, चकचकीत चिखल, त्यात दोन बगळे, आणि त्याच्याही पलीकडे कुठेतरी अटलांटिक.

पाऊणपटीचा हिशोब आमच्या किनाऱ्याचा. इथली पौर्णिमेची भरती सकाळीच येऊन गेली होती. राज्याराज्यात नियम वेगळे, हे चार महिने मलाच शिकवत होते सगळे.

मुलाने नारळ फेकला. तो चिखलात शेंडी वर करून रुतला. पाणी त्याच्यापर्यंत यायला बराच वेळ होता, म्हणून आम्ही तिघं लाइफ जॅकेट घालून ट्रेलरवरच्या बोटीत बसलो आणि हिने नारळीभाताचा डबा उघडला. फायलीत टायटल, रजिस्ट्रेशन, प्रमाणपत्र, विक्रीपत्रं, पेन्सिलीचा ठसा. कुणी मागितलं तर एका सेकंदात काढून दाखवलं असतं. कुणी मागेना.

बऱ्याच वेळाने गळ घेतलेले एक म्हातारे गृहस्थ आले. बोटीभोवती पूर्ण चक्कर मारली, उजव्या बाजूच्या नंबरापाशी थांबले, डोळे बारीक करून वाचला.

"फटी अगदी बरोबर सोडल्यात," ते म्हणाले, आणि चिखलाकडे निघून गेले.