‘बॅटलफील्ड अपग्रेड’ मागून बिझनेस क्लास मिळत नाही

अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: गेटवर जाऊन ‘बॅटलफील्ड अपग्रेड’ असं म्हणा, कर्मचाऱ्यांना फुकट बिझनेस क्लासची सीट द्यावीच लागते. हे खरं नाही.

सतत विमानप्रवास करणारे तिकडचे लोक अगदी शेवटच्या घटकेला, गेटवर किंवा विमानात बसल्यावर मिळालेल्या अपग्रेडला गमतीने असं म्हणतात. त्यामागे कुठलाही नियम नाही. युनायटेड, डेल्टा, अमेरिकन या विमान कंपन्यांच्या देशांतर्गत फ्लाइटला गेटवरच्या स्क्रीनवर अपग्रेडसाठी थांबलेल्यांची, आडनावाची पहिली अक्षरं दाखवणारी यादी असते. वरच्या क्लासची सीट रिकामी राहिली तर त्या यादीच्या क्रमाने जाते. क्रम मुख्यतः नेहमीच्या प्रवाशांना कंपनी देते त्या मेंबरशिपच्या दर्जावरून लागतो, मग तिकिटाचा प्रकार वगैरे. या कंपन्यांच्या वेबसाइटवर हे नियम कुणालाही वाचता येतात. इकॉनॉमी ओव्हरबुक झाली, म्हणजे सीटपेक्षा जास्त तिकिटं विकली गेली, तर कंपनी स्वतःहून काहींना वरच्या क्लासमध्ये बसवते, पण ते मागणी करून मिळत नाही. भारताच्या लांबच्या फ्लाइटला तर ही मोफत अपग्रेडची यादी लागूच नसते. तिथे पॉइंट्स, माइल्स किंवा पैसे लागतात.

पहिल्यांदाच मुलांकडे निघालेले आईबाबा हा मेसेज खरा मानून गेटवर हुज्जत घालतील, याची मला खरंच काळजी वाटते. कृपया तो पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.