खुर्ची दिली, पण निर्णयाचं काय?

डिसेंबर २००९ मध्ये बजाज ऑटोच्या राजीव बजाज यांनी स्कूटर बंद करायचं जाहीर केलं. त्यांचे वडील राहुल बजाज तेव्हा कंपनीचे चेअरमन. आपल्याला वाईट वाटलं, आपण दुखावलो, हे त्यांनी उघडपणे सांगितलं. ज्या चेतकसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे, ती त्यांच्याच कारकिर्दीतली. होंडाची अ‍ॅक्टिव्हा स्कूटर धडाक्यात खपत असताना स्कूटर सोडणं मलाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. पण राजीव यांचा हिशेब वेगळा होता. २००१ च्या पल्सरनं कंपनीचा चेहराच बदलला होता आणि त्यांना सगळी ताकद मोटरसायकलवर लावायची होती. वडील नाराज झाले, बोललेही, पण निर्णय मुलाचाच राहिला.

मला यातलं हेच फार मोठं वाटतं. आपल्याकडे मुलाला 'डायरेक्टर' करतात, केबिन देतात, कार्ड छापतात. भोसरीतल्या माझ्या ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये मुलानं सगळा हिशेब संगणकावर आणलाय, नवी सीएनसी मशीन घेतलीय. चेकबुक मात्र बाबांच्या कपाटात. सप्लायरला ते माहीत आहे, म्हणून तो मुलाशी दोन शब्द बोलतो आणि थेट बाबांना फोन लावतो. पोरगं चाळिशीला आलं तरी अजून 'शिकतंय'!

सगळं कागदावर आणलं की भागतं, असंही नाही. किर्लोस्करांचंच बघा. किर्लोस्करवाडी उभी करणारे लक्ष्मणराव, पुण्यात ऑईल इंजिन्स काढणारे शंतनुराव, एवढा वारसा. सप्टेंबर २००९ मध्ये कुटुंबात रीतसर करार झाला, तरी पुढे त्याच्याच अर्थावरून भाऊभाऊ कोर्टात गेले. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला मध्यस्थीचा मार्ग सुचवावा लागला. मराठी उद्योगाचं हे नाव असं कोर्टाच्या बातम्यांत वाचताना आतून तुटतं.

वाटणी करार करतो, विश्वास नाही. विश्वास वडील हयात असतानाच, धंद्यात रोज बसत असतानाच द्यावा लागतो. मुलाचा निर्णय चुकला तर नुकसान सोसायची तयारी ठेवून. आणि मुलांनीही 'बाबांना काही कळत नाही' हे आधी बंद करावं. मंदीत उधारी कशी वसूल करायची, कुठल्या गिऱ्हाइकाला माल द्यायचा नाही, हे कुठलंही एमबीए शिकवत नाही.

ज्यांच्या घरात हे सध्या चालू आहे त्यांनी जरूर लिहा, बापांनीही आणि पोरांनीही.