कोस्टा रिका सहलीवरील आपल्या अभिप्रायास उत्तर

माननीय महोदय,

दिवाळीच्या सुट्टीत आमच्याबरोबर केलेल्या कोस्टा रिकाच्या साहस सहलीबद्दल आपण एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय मी तीन वेळा वाचला. आपल्या चौघांचा हिरमोड झाला, याबद्दल मी व माझी पत्नी (आमच्या सहलींतील जेवणखाणाची व्यवस्था तीच पाहते) आपली क्षमा मागतो. विशेषतः पाकुआरे नदीवरील राफ्टिंगला जाताना वाटेतील छोट्या खानावळीत काळ्या घेवड्याची उसळ चरबीत शिजवलेली निघाली, ही चूक सर्वस्वी आमची आहे. त्या देशात नुसते ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, ‘मांतेका’ म्हणजे चरबीही नको असे वेगळे सांगावे लागते, आणि तेच त्या दिवशी सांगायचे राहून गेले. आपल्या मातोश्रींनी त्यानंतर दोन दिवस केवळ फळे आणि चिवड्यावर काढले, हे आठवले की आजही मान खाली जाते.

मात्र ‘ऑफ सीझनचे स्वस्त दर स्वतःच्या खिशात घालण्यासाठी आम्हाला मुद्दाम भर पावसात नेले’ हे आपले वाक्य मला मान्य करता येत नाही. ते वाचून या आठवड्यात दोन कुटुंबांनी फेब्रुवारीच्या सहलीची चौकशी अर्ध्यावर सोडली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपण प्रथम आमच्या कार्यालयात आलात तेव्हा मी टेबलावर नकाशा पसरून सांगितले होते की कोस्टा रिकात डिसेंबर ते एप्रिल हा कोरडा हंगाम आणि मे ते नोव्हेंबर हा पावसाळा असतो, आणि पॅसिफिकच्या बाजूला सप्टेंबर-ऑक्टोबर हे सर्वाधिक पावसाचे महिने असतात. मी फेब्रुवारीचा शेवट सुचवला. मुलांची वार्षिक परीक्षा जवळ येते, म्हणून आपण तो नाकारला. एप्रिलमधील गर्दी आपल्याला नको होती. शाळेला सुट्टी आणि आपल्याला रजा फक्त दिवाळीतच मिळते, असे आपण म्हणालात, आणि ते मला पटलेही, कारण आमचे निम्मे ग्राहक याच कारणाने दिवाळीत निघतात. त्यावर मी दुसरा मार्ग सुचवला. त्या देशाच्या मधोमध डोंगरांचा कणा आहे आणि आपल्याकडे घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस देशावर उतरताना जसा ओसरतो, तसा तिकडेही एका बाजूचा पाऊस दुसऱ्या बाजूला लागू होत नाही. ऑक्टोबरमध्ये पॅसिफिककडे धो धो पाऊस असताना कॅरिबियन किनाऱ्यावर, म्हणजे काउईता, पुएर्तो व्हिएहो या भागात, तुलनेने उघडीप असते. तोर्तुगेरोला हिरव्या कासवांच्या विणीचा हंगाम त्याच महिन्यापर्यंत चालतो. तो कार्यक्रम मी लिहून पाठवला होता. पॅसिफिककडील मान्वेल अंतोनियोचा समुद्रकिनारा आणि मोंतेव्हेर्देचे झुलते पूल नसतील तर कोस्टा रिकाला गेल्याचे कोणाला सांगणार, असे उत्तर आपल्याकडून आले. तो संदेश अजून माझ्या फोनमध्ये आहे. तो येथे जशाच्या तसा देणे मला सभ्यपणाचे वाटत नाही.

कोर्कोवादो राष्ट्रीय उद्यान ‘परस्पर वगळले’ हा आक्षेपही याच तारखांतून आला आहे. तेथील सिरेना केंद्र ऑक्टोबरमध्ये पर्यटकांसाठी बंद ठेवतात, आणि एरवीही अधिकृत गाइडशिवाय आत सोडत नाहीत. हे पहिल्याच पत्रकाच्या दुसऱ्या पानावर लिहिलेले होते.

आता दरांविषयी. ऑक्टोबरमध्ये तिकडची हॉटेले स्वस्त मिळतात, हे खरे आहे आणि मी ते कधीही लपवलेले नाही. परंतु भारतातून तेथे थेट विमान नाही, युरोपातून किंवा अमेरिकेतून विमान बदलून जावे लागते, आणि दिवाळीच्या आठवड्यात मुंबईहून सुटणाऱ्या तिकिटांचे भाव कोठे जातात हे आपल्याला वेगळे सांगायला नको. हॉटेलांत वाचले ते विमानाने खाल्ले. चौदा जणांच्या त्या सहलीत आमच्या हाती किती उरले, हा हिशेब आपण केव्हाही कार्यालयात येऊन पाहावा, वह्या उघड्याच आहेत.

लाव्हा दिसला नाही, ही तक्रार मात्र मी अर्धी मान्य करतो. आरेनाल ज्वालामुखी २९ जुलै १९६८ रोजी फुटला, त्यात ताबाकोन आणि पुएब्लो नुएवो ही गावे गाडली गेली, आणि त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ तो धुमसत राहिला. परंतु २०१० पासून तो शांत आहे. आमच्या पत्रकावरील रात्रीच्या तांबड्या ओहळांचे छायाचित्र त्यापूर्वीचे होते आणि त्याखाली वर्ष घालायला हवे होते. ते छायाचित्र आता काढले आहे. शिखर दिसले नाही, याचा दोष मात्र मी घेणार नाही. पावसाळ्यात तिकडे सकाळ बऱ्याचदा स्वच्छ असते, दुपारी ढग उतरतात आणि मग संध्याकाळपर्यंत कोसळते. साडेपाचच्या सुमारास तर अंधारच पडतो. ज्याला आपण ‘लष्करी शिस्त’ म्हटले आहे ते पहाटे साडेचारचे उठणे एवढ्याचसाठी होते. आरेनालच्या पायथ्याशी असलेल्या ला फोर्तुना गावी नरक चतुर्दशीच्या दिवशी आपल्या कुटुंबाचे अभ्यंगस्नान आणि फराळ आटोपेपर्यंत आठ वाजून गेले. त्यात गैर काहीच नाही, मी स्वतः उटणे लावले होते, फक्त चार वाजता. त्या दिवशी सहा ते साडेसात या वेळात शिखर टोकापर्यंत मोकळे होते. उरलेल्या दहा जणांचे त्यासमोर घेतलेले छायाचित्र माझ्याकडे आहे. त्यात आपण चौघे नाही, याचे वाईट मला आपल्याइतकेच वाटते.

त्याच दिवशी मोंतेव्हेर्देला पोहोचायला लागलेल्या चार तासांचे खापर आपण चालकावर फोडले आहे. नकाशावर ही दोन्ही ठिकाणे बोटभर अंतरावर दिसतात, पण मध्ये आरेनालचे विस्तीर्ण तळे आहे. ते होडीने ओलांडून पलीकडे दुसऱ्या गाडीत बसायचे, असे आपले ठरले होते. आपल्याला उशीर झाला, होडी वेळेवर सुटली, आणि मग सर्व चौदा जणांना तळ्याला वळसा घालून तिलारानमार्गे, खडबडीत रस्त्याने जावे लागले. चालक वाट चुकला नव्हता. पावसात, वळणावळणाच्या घाटात, त्याने एकदाही घाई केली नाही, आणि वीस वर्षे सह्याद्रीत लोकांना फिरवलेला माणूस म्हणून मी सांगतो की तसा चालक मिळणे हे भाग्य होते. त्याला मराठी वाचता येत नाही, एवढेच त्यातल्या त्यात समाधान आहे.

मोंतेव्हेर्देला ‘धुक्याशिवाय काहीच दिसले नाही’ या वाक्यावर काय लिहावे हे मला अजून सुचलेले नाही. ते मेघवनच आहे. ढग झाडांवर टेकतात म्हणून तेथील फांद्या शेवाळाने आणि ऑर्किडने मढलेल्या असतात. जुलैत आंबोलीला जाऊन धुके का आहे असे आपण विचारले नसते. क्वेत्झाल पक्षी दिसला नाही, हे दुर्दैव खरे, पण त्याचा विणीचा काळ, आणि म्हणून तो दिसण्याची उत्तम संधी, वसंतात असते, ऑक्टोबरात नव्हे. पुन्हा तारखांवरच आलो, क्षमस्व.

यापुढे पावसाळ्यातील सहलींच्या पत्रकावर हवामानाची सूचना ठळक अक्षरांत देण्याचा आणि जेवणाच्या बाबतीत अधिक काटेकोर राहण्याचा आम्ही निश्चितच प्रयत्न करू. मोंतेव्हेर्देला वीज कडाडू लागल्यामुळे रद्द झालेल्या झिपलाइनचे चौघांचे पैसे तेथील कंपनीकडून परत आले आहेत. ते या आठवड्यात आपल्या खात्यात जमा करतो. वास्तविक ते यापूर्वीच करायला हवे होते.

एकच विनंती आहे. एक तारा तसाच ठेवा, जेवणाबद्दल लिहिलेलेही राहू द्या, परंतु ‘खिशात घातले’ हे शब्द आपल्याला शक्य वाटल्यास काढावेत. आमचे कार्यालय दोन खोल्यांचे आहे, आणि नवीन ग्राहक आधी तेवढीच ओळ वाचतात.

आपला नम्र,
संचालक