बंगला साहेबानं आणला नाही, उचलला

‘बंगला ही इंग्रजांची देणगी’ हा दावा इतक्या वेळा पुढे पाठवला जातो की आता तो कुणाला तपासावासाही वाटत नाही. त्यात साधारण चार गोष्टी असतात. बंगला हा शब्द इंग्रजी, उतरतं छप्पर आणि व्हरांडा साहेबानं शिकवला, पहिला बंगला इंग्लंडात बांधला गेला आणि मग इकडे आला, आणि हे घर मुळापासून बड्या लोकांचंच. चारही गोष्टी चुकीच्या आहेत. ज्यांनी हे घर प्रत्यक्ष रचलं त्या बंगालच्या शेतकऱ्यांचं नावच या चुकीत पुसलं जातं, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी शब्द. ‘बंगला’ म्हणजे बंगालचं, बंगाली पद्धतीचं. ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत हा शब्द 1670 च्या दशकात दिसतो, तोही जहाजांवरच्या माणसांसाठी उभारायच्या झोपड्यांच्या संदर्भात. ‘बंगलो’ हा आपल्या शब्दाचा इंग्रजी उच्चार आहे. तो ऐकून मूळ शब्दच तिकडचा ठरवायचा, हा उलटा न्याय झाला.

आता छप्पर. इथे थोडं थांबायला हवं, कारण या घराची सगळी हुशारी छपरातच आहे. बंगालचा पाऊस धो धो, जमीन गाळाची आणि दगड दुर्मीळ. मग मातीचं उंच जोतं घालायचं, बांबूचा सांगाडा उभारायचा आणि वरून गवतानं शाकारायचं. बांबू लवतो, त्यामुळे आढं सरळ न ठेवता मधे उंच आणि दोन्ही टोकांना झुकलेलं ठेवता येतं. त्यामुळे वळचणीलाही बाक येतो, छप्पर भिंतीपासून पुढे येतं, पाणी झरझर निथळतं आणि मातीची भिंत वाचते. दुपाखी छपराला तिकडे ‘दोचाला’ म्हणतात, चौपाखीला ‘चारचाला’.

हा आकार लोकांना इतका आवडला की बांबूची गरज नसलेल्या ठिकाणीही तो आला. बांकुडा जिल्ह्यातल्या विष्णुपूरला मल्ल राजा रघुनाथ सिंहाच्या काळात 1655 मध्ये बांधलेलं जोडबांगला मंदिर आहे. दोन दोचाला झोपड्या पाठीला पाठ लावून ठेवाव्यात तसं ते दिसतं, फक्त सगळं विटांचं आणि भाजलेल्या मातीच्या शिल्पपट्टांनी मढवलेलं. शाहजहानच्या काळात हाच बाक मोगल वास्तुकलेत शिरला. लाहोरच्या किल्ल्यातला नौलखा मंडप आणि आग्र्याच्या किल्ल्यात खास महालाच्या दोन्ही बाजूंचे मंडप पाहा. शेतकऱ्याच्या झोपडीचं छप्पर बादशहानं संगमरवरात उतरवलं! तेव्हा बंगालवर इंग्रजांचं राज्य यायला शंभराहून अधिक वर्षं बाकी होती.

व्हरांड्याचं म्हणाल, तर हा शब्द पोर्तुगीज वळणाचा असावा असं बरेच अभ्यासक मानतात. असेना का. शब्द बाहेरून आला म्हणून वस्तूही बाहेरूनच आली असं होत नाही. पुढे काढलेल्या छपराखालची उघडी, सावलीची जागा आपल्याकडे ओसरी, पडवी अशा नावांनी होतीच.

मात्र ‘इंग्रजांनी काहीच केलं नाही’ असं उलट टोक गाठणाऱ्यांशीही मी सहमत नाही. त्यांनी चौपाखी घर वाढवलं, मधल्या दालनाभोवती चारही बाजूंनी व्हरांडा फिरवला, त्याचे कोपरे बंदिस्त करून लहान खोल्या आणि न्हाणीघरं काढली. शाकारणीखाली पांढरं कापड ताणून छत केलं, म्हणजे वासे झाकले जात आणि किडे अंगावर पडत नसत. उन्हाळ्यात दारांना वाळ्याचे ओले पडदे लागत. घराभोवती मोठं आवार ठेवलं आणि स्वयंपाकघर, नोकरांच्या खोल्या मागे दूर नेल्या. छावण्यांमधून आणि डाकबंगल्यांमधून हा नमुना देशभर पोहोचवला. याचं श्रेय त्यांना द्यावंच. पण त्या मोठ्या आवाराचं एक काम गावाला लांब ठेवणं हेही होतं, आणि तेही त्यांच्याच खात्यावर मांडावं लागेल.

पहिला बंगला इंग्लंडात, हा मुद्दा तर सनावळीपुढे टिकतच नाही. केंटच्या किनाऱ्यावर वेस्टगेट आणि बर्चिंग्टन इथे जॉन टेलर या वास्तुविशारदाचे बंगले 1869-70 च्या सुमारास उभे राहू लागले. इंग्लंडात मुद्दाम बांधलेले बंगले म्हणून सुरुवातीची नोंद मिळते ती यांचीच. म्हणजे कंपनीच्या कागदांत शब्द आल्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी! समुद्राची हवा खायला येणाऱ्या पैसेवाल्यांसाठी ती घरं होती. इरॅस्मस विल्सन या नामवंत डॉक्टरनं त्यातलं एक घेतलं, आणि कवी-चित्रकार रोझेटी 1882 मध्ये बर्चिंग्टनच्याच एका बंगल्यात वारला. प्रवास बंगालकडून केंटकडे झाला, उलटा नाही.

राहिला बडेपणा. आपल्या बोलण्यात ‘त्याचा बंगला आहे’ म्हणजे माणूस पैसेवाला, त्यामुळे हा दावा लगेच पटतो. पण मूळ बंगला कुणब्याचा होता. अर्थात बांबूचं घर म्हणजे गरिबाचंच, असंही नव्हतं. ‘आईन-ए-अकबरी’त बंगालच्या बांबूच्या घरांबद्दल लिहिताना अबुल फजल सांगतो की काहींना पाच हजार रुपये किंवा त्याहूनही जास्त खर्च येतो आणि ती पुष्कळ वर्षं टिकतात. अकबराच्या काळातले पाच हजार!

पुढे अमेरिकेतही बंगल्याची अशीच दोन रूपं झाली. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनामध्ये चार्ल्स आणि हेन्री ग्रीन या भावांनी 1908 मध्ये गॅम्बल कुटुंबासाठी आखलेलं घर म्हणजे लाकूडकामाची चैन आहे. पुढे आलेली वळचण आणि सावलीतले मोकळे सज्जे त्यातही आहेत. त्याच वर्षी सीअर्स कंपनीनं टपालानं मागवायच्या घरांची सूचिपत्रं काढायला सुरुवात केली. त्यांत छोटे बंगलेही असत. कापून, आकडे घालून तयार केलेलं लाकूड रेल्वेनं यायचं आणि बेताच्या कमाईची माणसं ते जोडून स्वतःचं घर उभं करायची. 1940 पर्यंत हे चाललं. त्यातल्या कितीतरी घरांना पुढे आलेलं उतरतं छप्पर होतं आणि त्याखाली बसायला ओसरी होती.