लंडनमधला डॉक्टर आणि उपकेंद्रातला रुग्ण

‘डॉक्टर परदेशी गेले तर बिघडले काय? लंडनमध्ये बसूनही ते मोबाइलवर गावाकडचा रुग्ण तपासतील. शिवाय देशात ८३४ लोकांमागे एक डॉक्टर आहेच,’ असा संदेश सध्या हिरिरीने पुढे पाठवला जातो.

पहिली अडचण कायद्याची आहे. २५ मार्च २०२० रोजीची दूरवैद्यकीय सेवेची मार्गदर्शक तत्त्वे भारतीय नोंदवहीतील डॉक्टरांसाठी असून, भारताच्या अधिकारक्षेत्राबाहेरील सल्ला त्यांनी आपल्या कक्षेतून स्पष्टपणे वगळला आहे.

८३४चा आकडा सरकारीच आहे; मात्र तो काढताना नोंदणीकृत ॲलोपॅथी डॉक्टरांपैकी ८० टक्के उपलब्ध आहेत असे गृहीत धरले आहे आणि त्यांत ५.६५ लाख आयुष डॉक्टर मिळवले आहेत. म्हणजे देश सोडून गेलेल्यांची मोजदाद न करता काढलेला आकडा, त्यांच्या जाण्याने काही बिघडत नाही याचा पुरावा म्हणून दाखवला जातो.

मूळ गफलत ‘तपासतील’ या शब्दात आहे. ‘ई-संजीवनी’ या सरकारी दूरवैद्यकीय सेवेचा उपयोग मोठा आहे, हे मान्यच, पण गावात ती चालते ती उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यामुळे, कारण रक्तदाब मोजणे, लक्षणे विचारून पडद्यापलीकडच्या डॉक्टरला सांगणे आणि सुचवलेले औषध रुग्णाच्या हाती देणे ही कामे तिथे हजर असलेल्या माणसालाच करावी लागतात. हा दुवा वगळून थेट मोबाइलवर भिस्त ठेवावी, तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३.३ टक्केच होत्या, पुरुष ५७.१ टक्के. अडलेल्या बाळंतिणीसाठी तर पडद्यावरचा सल्ला पुरतच नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटवले, ते गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांना घरोघरी पाठवून; तेव्हा त्या गावांत मोबाइल पोहोचलाच नव्हता.

उरला न्यायाचा प्रश्न, ज्याला संदेश शिवतही नाही. जाणाऱ्या डॉक्टरला दोष देण्यात अर्थ नाही. स्थलांतराचा त्याचा हक्क जागतिक आरोग्य संघटनेची २०१०ची आंतरराष्ट्रीय भरती संहिताही मानते. श्रीमंत देशांनी आपले मनुष्यबळ शक्यतो आपणच घडवावे, अशी तिची अपेक्षा आहे. पण ती ऐच्छिक आहे, आणि जिथून सक्रिय भरती टाळावी अशा ५५ देशांच्या २०२३च्या यादीत भारत नाही.